मत परत मागणारे काका

आमच्या घरमालकांना कुणाच्या संमतीशिवाय चहा पिता येत नसे. चहा ते एकटेच करत आणि एकटेच पीत, पण त्याआधी ठराव व्हावा लागे. सकाळी सहाला मी पाणी भरत असले की शेजारच्या पडवीतून खणखणीत आवाज येई, "चा ठेवावा असा विचार हाय. सूचक मी. अनुमोदक कोन?" मी हंडा न उतरवताच म्हणायचे, "मी." मग "मंजूर," असं स्वतःशी म्हणत ते आत जात. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं, की माणूस जरा सरकलेला दिसतोय, दुसरी खोली बघ. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीने कामाला. रात्रपाळी करून आडवा झालेला. तो कूस बदलून म्हणाला, "भाडं कमी आहे. तू अनुमोदन देत जा."

त्या घरात मी आठ वर्षं अनुमोदन दिलं.

गाव बदलापूरच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथेच आहेत आणि वाईट वाटून घेण्यात पटाईत आहेत. जुनं गाव कौलांचं नि पत्र्यांचं. त्याला लागून भाताच्या खाचरांतून उठलेल्या नव्या इमारती, ज्यांच्या फाटकावर परदेशातल्या शहरांची नावं. दोन्हींची ग्रामपंचायत मात्र एकच. काका जुन्या गावातले. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, उंच, मानेत थोडे वाकलेले. घरी लुंगीवर असत. पण ग्रामसभा असली की इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत पंचायत कायद्याचं पुस्तक. ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण एकही ग्रामसभा त्यांनी चुकवली नाही. तिथे ते हरकत घेत. इतिवृत्त वाचलं नाही म्हणून हरकत, नोटीस चावडीवर लावली नाही म्हणून हरकत, अध्यक्षांनी सभा सुरू असताना तंबाखू मळली म्हणूनही एकदा हरकत. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. हरकतवाले काका म्हटलं की रिक्षावालासुद्धा दारात आणून सोडायचा.

त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं: "तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाय." म्हणजे ग्रामसभेला पुरेशी माणसं जमली नाहीत तर ती तहकूब होते, आणि मग पुढच्या वेळी चार टाळकी असली तरी चालते. हा नियम काकांना फार आवडे. तो त्यांनी ग्रामपंचायतीपुरता ठेवला नव्हता. दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले आणि विचारलं, "आज कुणी आलं नाही का काका?" तर म्हणाले, "तहकूब सभा हाय." आणि एकटेच चकली मोडून खाऊ लागले. मला हसू आलं होतं तेव्हा. घरी येऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवली होती.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. थोरला भाऊ आणि भावजय लवकर गेले, त्यांचा मुलगा काकांनी वाढवला. त्याची आंघोळ, त्याचा डबा, त्याची शाळा, सगळं पाळ्या सांभाळून. तो पुतण्या मोठा झाला, जमिनीच्या व्यवहारात शिरला, गावाच्या वरच्या अंगाला बंगला बांधून राहू लागला. काका जुन्या घरीच राहिले. त्या घराला थोरल्या भावाने कधीतरी दोन खोल्या वाढवल्या होत्या. आम्ही राहत होतो त्या त्याच. त्यांची घरपट्टी पुतण्याच्या नावावर होती आणि खालची जमीन सरकारची, गुरचरणाची. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, जसं कुणाच्या घरात कोण पितं हे माहीत असतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

पुतण्या सरपंचपदाला उभा राहिला तेव्हा मी काकांना पहिल्यांदा आणि शेवटचं तसं आनंदात पाहिलं. सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता. काका घरोघर गेले. नव्या इमारतींत लिफ्टला ते घाबरत, म्हणून सात मजले चढून गेले. दार उघडणाऱ्याला, मग तो मराठी असो, सिंधी असो की उत्तरेकडचा, ते एकच सांगत: "मत देताव ता उसना दिला समजा. पोरगा वाकडा गेला तर परत मागू. परत मागायची जबाबदारी माजी." लोक हसत. पण मत उसनं मागणारा माणूस कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे लक्षात राहिला. आमचं नावही काकांनीच तिथल्या मतदारयादीत घालून घेतलं. फॉर्म आणून दिला, भरून घेतला, आणि यादी छापून आल्यावर माझ्या नावाखाली लाल पेनाने रेघ मारून ती मला दाखवायला आणली.

पुतण्या निवडून आला. मिरवणुकीत गुलालाने लाल झालेले काका त्याच्या जीपमागून चालत होते. "बस की वर," तो म्हणाला तर म्हणाले, "मी मतदार हाय, माजी जागा खाली."

पुढे काय झालं ते सांगण्याआधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात होते. दुकान एका सिंधी गृहस्थांचं. त्यांना सगळे दादा म्हणत. प्रतिज्ञापत्रं, नाव बदलायचे अर्ज, भाडेकरार, तक्रारी, असलं सगळं मी टाईप करायची. दादा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी अर्ध्या सिंधीत, अर्ध्या हिंदीत बोलत आणि मला मात्र कौतुकाने सांगत, "बेटी, तू लिखती है तो साहब लोग मना नहीं करते."

एके दुपारी काका त्या दुकानात आले. सभेचा शर्ट घातलेला, आणि तोंड असं की मला वाटलं पुतण्याचं काही बरंवाईट झालं. त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल होती. गावाच्या खालच्या अंगाला एक तळं होतं. म्हशी बसायच्या, गणपती बुडायचे. नव्या संकुलाला रस्ता हवा होता, आणि ते तळं भरायला ग्रामसभेने परवानगी दिली असं त्या कागदावर होतं. तळं तर आधीच भरून झालं होतं. मुरमाचे डंपर आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. काकांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक. अनुमोदक म्हणून काकांचं पूर्ण नाव.

"मी हरकत घेतली व्हती," ते म्हणाले. "उबा रावून घेतली. माजा नाव कुनी टाकला?"

"ग्रामसेवकाला विचारलंत?"

"इचारला. तो बोलला, सरपंचांनी सांगितला, काकाचा नाव टाक, म्हंजे कोन बोलनार नाय."

दादांनी चहा मागवला. काकांनी तो ठरावाशिवाय प्यायला, तेव्हाच मी समजले की प्रकरण साधं नाही. त्या दिवशी मी त्यांचा पहिला अर्ज टाईप केला. माझं नाव अनुमोदक म्हणून खोटं लिहिलेलं आहे, ते काढावं. तीन ओळींचा अर्ज. तो पंचायत समितीत गेला, तिथून तहसीलला, तिथून आणखी कुठे. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

मग काका मत परत मागायला निघाले. सात मजले चढून दिलेला शब्द होता. कायद्याच्या पुस्तकात त्यांनी वाट शोधली होती: सदस्यांनी पुरेशा बहुमताने अविश्वासाचा ठराव करायचा, आणि थेट निवडलेला सरपंच असेल तर तो ठराव खास ग्रामसभेपुढे ठेवायचा. तिथे गावाने गुप्त मतदान करून ठरवायचं, ठेवायचा की काढायचा. काका हे पान बोटाने इतकं दाबून दाखवत की त्याची शाई फिकी झाली होती.

दादांच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी दुकानात बसून काकांचं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आजोबा, एवढी उलाढाल कशाला? सरकारी जागेवर सरपंचाचं बांधकाम आहे ना? घरपट्टी त्याच्या नावावर आहे ना? कलेक्टरकडे अपात्रतेचा अर्ज करा. कागद पुरेसे आहेत. पुढे तो हायकोर्टात गेला तरी टिकेल. तुमच्या ग्रामसभेची गरजच नाही."

मी टाईप करता करता थांबले. ते बांधकाम म्हणजे माझं घर होतं.

काकांनी पुस्तक मिटून काखेत घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे त्याला कलेक्टर काढनार."

"कलेक्टर, आयुक्त, कोर्ट. कुणीही काढेल. तुम्हाला तो गेल्याशी कारण."

"नाय बाय. त्याला कोरटानं बसवला नाय. आमी बसवला. कोरटानं काढला तर लोक बोलतील, भिंतीपाई गेला. तलावापाई गेला असा कोनच बोलनार नाय."

वकीलबाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हातारा हट्टी आहे, असं त्या नजरेत होतं. मलाही त्या वेळी तेच वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. परतताना रिक्षात मी विचारलं, "काका, तुम्ही आमच्या खोल्यांसाठी तर नाही ना म्हणालात?" ते बाहेर बघत म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नाय." मी पुन्हा विचारलं नाही.

सदस्यांना पुतण्याशी आपापली भांडणं होती, त्यामुळे अविश्वासाचा ठराव झाला. तळ्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. खास ग्रामसभेची तारीख लागली आणि दोन दिवस आधी पुतण्याने हायकोर्टातून स्थगिती आणली. म्हणणं असं, की सदस्यांच्या सभेची नोटीस नियमाप्रमाणे बजावलेली नाही. नोटिशीवर हरकत! काकांना राग यायला हवा होता. पण ते म्हणाले, "मुद्दा चांगला काडला त्यानं. मीच शिकवला व्हता."

त्यानंतर वर्षभर तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला काका सभेचा शर्ट घालून मुंबईला जात आणि संध्याकाळी परत येऊन पडवीत बसत. खटल्यात ते कुणीच नव्हते. मागच्या बाकावर बसायचे फक्त. गावाने तोवर त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. पुतण्याच्या बाजूचे त्यांना घरभेद्या म्हणत, विरोधातले म्हणत की हा शेवटी रक्ताला जागणार. दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवी. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली नाही. हळदीचा मांडव समोरच्याच घरी पडला होता, गाणी चालली होती, आणि काका पडवीतला दिवा मालवून आत बसून राहिले. मी त्यांना जेवायला बोलावलं. "पोट भरलाय," म्हणाले. चूल पेटलेली मी पाहिली नव्हती.

एक जण मात्र येत असे. दर सोमवारी पुतण्या जीप लांब उभी करून चालत यायचा, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. पडवीत उभ्या उभ्या द्यायचा. काका विचारायचे, "जेवलास?" तो म्हणायचा, "हो." मग तो म्हणायचा, "काका, पुरे कर आता." काका म्हणायचे, "उद्या तारीख हाय. तुजा वकील टायमावर येत नाय, सांग त्याला." आणि तो जाई. त्याच्या पाठीकडे काका वळणापर्यंत बघत राहत. असं वर्षभर, एकही सोमवार न चुकता. दोघांमध्ये प्रेम कमी होतं असं मला कधी वाटलं नाही. तसं असतं तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं.

त्या कोर्टातली एक गोष्ट वकीलबाईंनी दुकानात येऊन सांगितली. सुनावणी चालू होती. पुतण्याचा वकील सांगत होता, सभाच बेकायदा. समोरचा वकील म्हणत होता, असा सरपंच एक दिवसही नको, त्याचं तर सरकारी जागेवर बांधकामही आहे. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "हरकत हाय." सगळं कोर्ट मागे वळलं. शिपाई धावला. न्यायमूर्तींनी हात वर करून त्याला थांबवलं आणि विचारलं, हे गृहस्थ कोण? कुणीतरी म्हणालं, सरपंचाचे काका, यांच्यापासूनच सगळं सुरू झालं. न्यायमूर्ती म्हणाले, "बोला, काय म्हणायचं आहे?"

"सायेब," काका म्हणाले, "तुमी त्याला काडू नका. ठेवू पन नका. आमाला इचारा."

वकीलबाई सांगत होत्या, की न्यायमूर्तींनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला, आणि म्हणाले, "बसा." पण निकाल आला तो तसाच आला. नोटिशीत घातक दोष नाही, स्थगिती उठवली आहे, सरपंचाला ठेवायचं की काढायचं हा निर्णय गावाचा, तो न्यायालयाने गावाकडून काढून घेऊ नये. काकांनी त्या निकालाच्या पाच झेरॉक्स काढून घेतल्या. एक मला दिली. पडवीत उभं राहून त्यांनी तो मोठ्याने वाचला, इंग्रजी अडलं तिथे मला विचारत. ऐकायला मी, माझा नवरा आणि गल्लीतली एक गाय. वाचून झाल्यावर म्हणाले, "बाय, आता फक्त मानसं पायजेत."

त्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नाही. फक्त विचारलं, "तू येशील ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय काका! सुट्टी घेते." आणि दादांकडून खरंच सुट्टी घेतली. आमच्या गल्लीत बाहेरून आलेली पाच-सहा भाडेकरू कुटुंबं होती. त्यांच्या बायकांनी मला विचारलं, जायचं का? मी म्हटलं, जायचं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी पुतण्या माझ्या दारात आला. तो सोमवार नव्हता. मुलीच्या शाळेसाठी मी रहिवासी दाखल्याचा अर्ज केला होता, पंधरा दिवस रखडलेला. तो दाखला त्याने माझ्या हातात दिला.

"वहिनी, तुमचं काम राहिलं होतं. घेऊनच आलो."

मी बसा म्हटलं. तो बसला नाही. खोलीच्या भिंतीवरून, छतावरून त्याची नजर फिरली.

"माझ्या वडिलांनी बांधली ही. काकांचा राग नाही मला. पण उद्या मी गेलो तर येणारी बॉडी पहिलं काय करेल? गुरचरण मोकळं करेल. फोटो काढायला बरं पडतं ना. मी आहे तोवर कुणी हात लावणार नाही." मग दारापाशी थांबून तो म्हणाला, "उद्या कामावर जा तुम्ही. काका म्हातारा माणूस आहे. त्यांना काय, एकटा जीव."

त्याने धमकी दिली असं मी म्हणू शकत नाही. आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. नवरा पाळीवर होता. मी दाखला कपाटात ठेवला. बायका विचारायला आल्या, उद्या किती वाजता निघायचं? मी म्हटलं, "माझं नक्की नाही." त्यांना तेवढं पुरलं.

सकाळी काकांचा शर्ट दोरीवर वाळत होता. ते आंघोळीला गेलेत असं पाहून मी मागच्या बाजूने निघाले. दुकानात पोचले तर दादा चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे, आज तो तेरी छुट्टी थी ना?"

"काम था घर पे, हो गया," मी म्हटलं.

दिवसभरात मी अकरा प्रतिज्ञापत्रं टाईप केली. प्रत्येकाच्या शेवटी एकच मजकूर: वर लिहिलेलं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे.

संध्याकाळी फाट्यावरच फटाके ऐकू आले. ठराव नऊ मतांनी पडला होता. पुतण्या सरपंच राहिला. नऊच्या नऊ मतं काही माझ्याकडे नव्हती, हे मी त्या दिवसापासून स्वतःला सांगत आले आहे. आमच्या गल्लीत मात्र बारा होती. ती मी कधी मोजणार नव्हते, पण मोजली गेली.

काका पडवीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट अंगावर तसाच. मला वाटलं होतं, ते खचले असतील. तसे दिसत नव्हते. ते म्हणाले, "झाला बाय. गावाला इचारला, गावानं सांगितला. कोरटाचा नाय, आपला निकाल हाय. मान्य." मग विचारलं, "तू आलतीस?"

"हो," मी म्हटलं. "मागे, बायकांत होते."

"दिसली नायस."

"गर्दी होती ना."

"व्हती खरी," ते म्हणाले.

या एवढ्याशा बोलण्यानंतर मी आत गेले आणि भात लावला. रात्री मी पोटभर जेवले, हे खरं आहे.

त्यानंतर तीन आठवडे काही झालं नाही. कायद्याप्रमाणे पुन्हा ठराव आणायला इतका काळ थांबावं लागणार होतं की पुतण्याची मुदत संपायला आली असती. काकांचं काम संपलं होतं. दिवस कसा काढायचा हे त्यांना कळत नसे. दुपारी ते उगाच भरलेल्या तळ्याच्या बाजूला जाऊन त्या नव्या रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि येत. पुतण्या सोमवारी गोळ्या देऊन जाई. आता तोही "पुरे कर" म्हणत नव्हता, कारण पुरं झालंच होतं. दोघांत बोलायलाच काही उरलं नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी काका माझ्या दारात आले. आठ वर्षांत भाड्याला सुद्धा ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते. त्या दिवशी आले आणि खाली बसले. हातात दोन कागद. एक खास ग्रामसभेच्या उपस्थितिपत्रकाची नक्कल होती, सही-शिक्क्यासह. दुसरा त्यांच्या हस्ताक्षरातला अर्ज.

"यात तुजा नाव नाय," ते म्हणाले. "मी दोनदा बगितला. तू तर आलतीस. म्हंजे त्यांनी तुजी सही घ्यायची सोडली. मी हरकत लिवलीय. तू टाईप कर. खाली तुजी सही लागंल."

मी अर्ज वाचला. सदर सभेस मी स्वतः हजर असून माझी उपस्थिती नोंदवण्यात आलेली नाही. खाली माझं पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात.

"काका," मी म्हटलं, "मी आले नव्हते."

ते कागदाकडेच बघत राहिले.

"मी कामावर गेले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

"मला म्हायती हाय," काका म्हणाले. "सभेला मी शाळेच्या दारावर उबा व्हतो. पयल्या मानसापासून शेवटच्या मानसापर्यंत."

"मग हे?" मी तो अर्ज वर धरला. "हे कशाला लिहिलंत?"

आपलं नाव खोटं लिहिलं म्हणून जो माणूस दोन वर्षं झिजला, त्याने माझ्यासाठी खोटं लिहून आणलं होतं. काका लुंगीचा काठ बोटांत गुंडाळत होते. मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"घराघरात गेलतो गं मी," ते म्हणाले. "सात सात माळे चडून. माज्या सांगन्यावरनं कोन आला, असा कुनी इचारला तर यक नाव पायजे ना. यकच. कागदावर असता तर मी पन मानला असता."

मला रडू आलं. मी म्हटलं, "आणा, मी करते सही." आणि मी पेन शोधायला उठले. खरंच उठले, त्या वेळी मी काहीही लिहून दिलं असतं.

"नको," काका म्हणाले. "आता तू बोललीस. आता चालनार नाय."

त्यांनी अर्ज माझ्या हातून घेतला, त्याची व्यवस्थित चौकोनी घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. भिंतीला हात टेकून ते उठले आणि गेले.